न मागता मिळालेली वही

जुन्या पेढ्यांवर हिशेब ठेवण्याची एक शहाणी रीत असे. दिवसभराचे देणेघेणे आधी रोजकीर्दीत क्रमाने उतरवावयाचे, आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावयाचे. खतावणी भिजली किंवा फाटली, तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई. संकेतस्थळांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये साठविली जाते, तेथेही ही रीत पाळावी की नाही, असा प्रश्न असतो. आणि पुष्कळ जण तो स्वतःला विचारीतच नाहीत.

१९९५ साली पुढे आलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यात आज्ञा समजून घेणारा भाग वेगळा आणि माहिती प्रत्यक्ष तबकडीवर लिहिणारा भाग वेगळा. या दुसऱ्या भागास स्टोरेज इंजिन म्हणतात. प्रत्येक कोष्टकासाठी हवे ते इंजिन निवडता येते. न निवडल्यास ठरलेले इंजिन आपोआप लागू होते. २०१० पर्यंत हा मान सर्वसाधारणपणे मायआयसॅमकडे होता.

मायआयसॅम साधे, हलके आणि वाचनास चपळ. परंतु एकाने नोंद बदलावयास घेतली की सारे कोष्टकच कुलूपबंद होते, आणि रोजकीर्द तर त्याच्याजवळ नाहीच. समजा, विद्यार्थ्याच्या खात्यातून शुल्क वजा झाले, आणि ते महाविद्यालयाच्या खात्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली. अर्धा व्यवहार तसाच राहतो. इतकेच नव्हे, तर व्यवहार मागे घेण्याची आज्ञा दिली तरी ती स्वीकारली जाते, फार तर एक इशारा मिळतो, आणि लिहिलेले तसेच राहते. पाळली न जाणारी आज्ञा नाकारली जाणे बरे. मुकाट्याने स्वीकारली जाणे अधिक घातक.

फिनलंडच्या हाइकी तुउरी यांनी रचलेले इनोडीबी हे इंजिन याउलट वागते. ते कुलूप सबंध कोष्टकास न लावता ओळीस लावते. प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत नोंदविते; यंत्र अकस्मात बंद पडले, तर पुन्हा सुरू होताना पुरे झालेले व्यवहार राखते आणि अपुरे पुसून टाकते. त्यासाठी जागा व स्मृती अधिक लागते, आणि साऱ्या ओळी मोजण्यासारखे सोपे कामही त्यास सावकाश करावे लागते. तरीही डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीने इनोडीबीलाच ठरलेले इंजिन केले, आणि २०१८ च्या ८.० या आवृत्तीत मायएसक्यूएलची स्वतःची अंतर्गत कोष्टकेही त्याच्याच स्वाधीन झाली.

हा निर्णय योग्य का? जाणता मनुष्य आपले इंजिन पारखून घेतोच. ठरलेली निवड असते ती न जाणणाऱ्यासाठी. मंदपणा पहिल्याच दिवशी जाणवतो, त्याविषयी तक्रार होते आणि उपायही सापडतो. हरवलेली नोंद मात्र काही महिन्यांनी, ताळेबंद जुळेनासा झाला म्हणजे उघडकीस येते. तोवर कारणाचा मागमूसही उरलेला नसतो. म्हणून न मागता जे हाती पडावयाचे, ते वेगवान असण्यापेक्षा विश्वासू असावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. नवी आवृत्ती बसविल्याने जुन्या कोष्टकांचे इंजिन आपोआप पालटत नाही. नव्या इमारतीत जुनी वही तशीच पडून असू शकते. ती उघडून पाहणे, हे ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याचे कर्तव्य होय.