राजाबाई टॉवरचे घड्याळ आणि गोंदियाची वेळ

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची एक कथा नेहमी सांगितली जाते. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आई राजाबाई दृष्टिहीन होत्या. दिवस मावळण्याआधी जेवण्याचा जैन नियम त्यांना पाळता यावा म्हणून लेकाने टोले देणारा मनोरा बांधवला. कथा गोड आहे, पण तिच्याआड मनोऱ्याचा खरा इतिहास झाकला जातो. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा 1864 साली प्रेमचंदांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये देऊ केले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, प्रेमचंदही बुडाले. तरी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार 1869 मध्ये काम सुरू होऊन 1878 मध्ये 280 फुटी मनोरा पुरा झाला. खरे नाट्य त्यानंतरचे. या घड्याळाने वेळ दाखवायची, पण कोणाची?

रेल्वे तेव्हा मद्रास वेळेने चाले आणि मुंबईची स्वतःची वेळ तिच्या अर्धा तास मागे. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ सरकारी ठरवली. टॉवरच्या तबकडीच्या दिवाबत्तीचा खर्च देऊ, पण काटे मद्रास वेळेचे हवेत, अशी सरकारची अट. 1883 मध्ये विद्यापीठाच्या सिनेटने कौल दिला तो मुंबई वेळेला. गंमत म्हणजे याच मनोऱ्याच्या घंटा ‘गॉड सेव्ह द क्वीन’ वाजवीत. राणीची धून चालेल, सरकारची वेळ नको!

हा शिकलेल्यांचा फुकाचा मानापमान होता, गाड्यांना एकच वेळ नको का, असे कोणी म्हणेल. गाड्यांना हवीच. पण गाडी ज्या वेळेने सुटते त्याच वेळेने साऱ्या शहराने उठावे, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय 1906 च्या जानेवारीत प्रमाणवेळ आली, मुंबईच्या घड्याळापेक्षा 39 मिनिटे पुढची, तेव्हा गिरणी कामगारही बिथरले. भोंगा तेवढा आधी वाजणार, म्हणजे काळोखातच घर सोडणे आले. याला मानापमान कसे म्हणावे?

आता आपले पाहा. गोंदिया आणि मद्रास जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, 80 अंशांच्या किंचित पूर्वेला. मुंबईने झिडकारलेली वेळ ही तर आपल्या सूर्याचीच वेळ! ज्या रेल्वेने गोंदियाचे जंक्शन केले, तिच्या घड्याळात बाराचा ठोका पडे तेव्हा इथे सूर्य बहुधा माथ्यावरच असे. आजही रोवणीला निघालेल्या बायांना इथे मुंबईच्या अर्धा तास आधी उजाडते. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही, म्हणून आपण तिला हट्टी म्हणू शकतो. फक्त त्या 1906 सालच्या बदलात तिच्या वाट्याला 39 मिनिटे आली होती आणि आपल्या वाट्याला जेमतेम नऊ.