मासळी जाळ्यात येण्याआधी

आज मत्स्यविज्ञानाची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी कुणी आता मत्स्यबीज केंद्रात रुजू होईल, कुणी मत्स्यव्यवसाय खात्यात, कुणी पुढच्या संशोधनाला लागेल. कुठेही गेलात तरी एका प्रश्नाला तुम्हाला उत्तर द्यावे लागेल: मासळी टिकवायची, तर त्याची झळ कोणी सोसायची?

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्य माशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरवले गेले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट पकडायचे नाही, विकायचे नाही. पिल्ले वाचली पाहिजेत ही मागणी सातपाटीच्या मच्छीमारांनीही लावून धरली होती. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण बंदरावर पट्टी लावून मोजलेले पिल्लू केव्हाच मेलेले असते. ते परत पाण्यात टाकून काय उपयोग? निवड बंदरावर नव्हे, जाळ्यात व्हायला हवी, आणि इथेच तुमच्या शास्त्राचे काम सुरू होते.

ट्रॉलरच्या जाळ्याचा शेवटचा भाग, म्हणजे खोला, नीट पाहा. नेहमीच्या जाळ्याची आस, म्हणजे विणीतले छिद्र, शंकरपाळ्याच्या आकाराची असते. ट्रॉलर जाळे ओढू लागला की ताण पडतो आणि ही आस मिटत जाते. कागदावर आस कितीही मोठी असो, पाण्याखाली तिची फट उरते. मग लहान-मोठे सगळेच आत अडकते. हेच जाळे वळवून आस चौकोनी ठेवली, तर ओढ लागल्यावरही ती उघडी राहते आणि पिल्लांना बाहेर पडायला वाट मिळते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडे या खोल्यावर काम केले, सिंधुदुर्गात त्याच्या चाचण्या झाल्या आणि ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसेचा नियम महाराष्ट्रात आला. किती साधी गोष्ट! सूत तेच, बोट तीच, फक्त जाळ्याची बांधणी बदलली.

मग हा खोला सगळीकडे का दिसत नाही? कारण पिल्लांबरोबर थोडी विकाऊ मासळीही निसटते. बोटीच्या तांडेलाला, म्हणजे प्रमुखाला, ते ओढीगणिक दिसते. डिझेल आणि बर्फाची उधारी त्याच्या डोक्यावर असते, आणि आज सोडलेले पिल्लू उद्या त्याच्याच जाळ्यात येईल याची हमी त्याला कोणी देत नाही. शेजारच्या बोटीने जुनाच खोला लावला, तर याने सोडलेले त्याला मिळते. म्हणून या तांडेलाला अडाणी म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. आपलाच हिशेब अर्धा राहिला आहे.

आणि एकच उत्तर सगळीकडे चालत नाही. डोल जाळे ओढत नाहीत. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभे असते. त्याची आस बारीक, कारण जवळा, बोंबील त्यातच मिळतात. त्याच खोल्यात पापलेटची पिल्लेही येतात. तिथे आस मोठी केली तर जवळाच निघून जाईल आणि छोट्या डोलकराची चूल बंद पडेल. पिल्ले कोणत्या महिन्यात, किती वाव खोल पाण्यात गोळा होतात हे शोधून तेवढा काळ, तेवढी जागा मोकळी ठेवणे, हा तिथला मार्ग असू शकतो. त्या जागा शोधायच्या तर डोलकरांची पिढीजात माहिती तुमच्या नकाशावर आली पाहिजे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणाऱ्या कोळ्यांना समुद्राला विसावा द्यायचे शिकवावे लागले नव्हते. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी नंतरची.

गोड्या पाण्याची गोष्ट वेगळी, तरी धडा तोच: शास्त्राला लोकांच्या माहितीची जोड हवी. कटला, रोहू, मृगळ तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. पूर्वी बीज नदीतून गोळा करत, आणि त्यात नको त्या जातीही यायच्या. १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. १० जुलैला आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतो तो त्याच कामाच्या स्मरणार्थ. आज आपल्या तळ्या-धरणांत सोडले जाणारे बहुतेक कार्पबीज या शोधाचे देणे आहे.

त्याच यशामुळे तळ्यांतल्या मूळच्या स्थानिक माशांकडे मात्र दुर्लक्ष झाले. गोंदिया-भंडाऱ्याच्या जुन्या तलावांत ढीवर समाजाच्या लोकांनी, त्यात बायका पुढे होत्या, माजलेली बेशरम नावाची झुडपे उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या, कारण माशांना आसरा आणि खाद्य तिथेच मिळते. प्रयोगशाळेतल्या शोधाइतकेच हेही मत्स्यविज्ञान आहे, आणि अशा कामाला तुमच्या मोजमापांची साथ हवी आहे.

झळ कोणी सोसायची, याचे एक चांगले उत्तर आपल्याच राज्यात आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) अडकला, तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सागरी जीव वाचवण्याचा भार एकट्या मच्छीमारावर टाकायचा नाही, हे शासनाने मान्य केले. चौकोनी आसेसाठीही असाच विचार का होऊ नये? पिल्ले सोडल्याने पहिल्या वर्षी किती उत्पन्न घटते आणि पुढे किती वाढते, हे बोटीच्या हिशेबात मांडून दाखवणारे संशोधन तुम्ही करा. शासनाकडे भरपाई मागायला तोच आधार लागेल.

माझी तुम्हाला एक विनंती आहे. नोकरीत रुजू होण्याआधी एका ट्रॉलरवर आणि एका डोलकराच्या होडीवर जा. खोला सुटतो तेव्हा फळीवर काय पडते ते मोजा, कशाला काय भाव येतो ते तांडेलाला विचारून लिहून घ्या. आणि पुढे तुमचा शोधनिबंध छापून येईल, तेव्हा त्याचे निष्कर्ष त्याच बंदरावर, मराठीत, त्याच माणसांसमोर मांडा.