एका दाबांतून अनेक दाब

मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र १९२७ सालीं जुलैच्या २३ तारखेस सुरू झालें. त्या काळच्या पुष्कळ रेडिओयंत्रांना बॅटऱ्या लागत: व्हॉल्व्हची तार तापविण्यास एक आणि प्लेटला उच्च दाब देण्यास दुसरी. ही दुसरी बॅटरी म्हणजे लहान लहान घटांची माळच असे. तिच्या मधल्या सांध्यांना तारा लावल्या कीं पंचेचाळीस, नव्वद असे निरनिराळे व्होल्ट सहज मिळत. पुढें घरच्या विजेवर चालणारीं यंत्रें आलीं आणि बॅटऱ्यांचा खर्च व खटाटोप संपला. परंतु एक नवाच प्रश्न उभा राहिला. ट्रान्स्फॉर्मर, रेक्टिफायर आणि कंडेन्सर ह्यांच्या साखळींतून एकच दाब बाहेर पडे. तो २५० व्होल्ट आहे असें धरूं या. व्हॉल्व्हना तर निरनिराळे दाब लागत. एकाचे अनेक करावयाचे कसे?

उत्तर दिसावयास सोपें होतें. जॉर्ज ओहम ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जो नियम मांडला, त्याचें सार असें कीं, रोधांतून प्रवाह वाहूं लागला म्हणजे त्याच्या दोन टोकांमध्यें दाबाचा उतार पडतो, आणि तो उतार प्रवाह व रोध ह्यांच्या गुणाकाराइतका असतो. एक हजार ओहमांच्या रोधांतून एक मिलिअँपियर प्रवाह गेला तर एक व्होल्ट उतरतो. तेव्हां २५० व्होल्टांपासून शून्य दाबाच्या तारेपर्यंत तीन रोध एकापुढें एक जोडावे आणि मधल्या दोन सांध्यांवरून हवे ते दाब काढून घ्यावे.

समजा, एका सांध्यावर १५० आणि दुसऱ्यावर १०० व्होल्ट पाहिजेत. नवशिका साधें त्रैराशिक मांडतो. वरून १००, मग ५०, मग १०० व्होल्ट उतरावयाचे. म्हणून वरचा रोध १०,०००, मधला ५,००० आणि खालचा १०,००० ओहमांचा. चांगल्या मीटरनें मोजतां दाब बरोबर भरतात. तो समाधानानें व्हॉल्व्ह जोडतो. पहिल्या सांध्यावरून साडेसात आणि दुसऱ्यावरून अडीच मिलिअँपियर प्रवाह ओढला गेला कीं दीडशेंच्या जागीं ९५ आणि शंभरांच्या जागीं ५५ व्होल्टच उरतात! आवाज क्षीण होतो. बिचारा व्हॉल्व्हला दोष देतो, पदरचे पैसे खर्चून नवा आणतो, आणि नवाही तसाच गातो.

चूक कोठें झाली? चाळींत राहिलेल्या कोणासही ती चटकन् उमजेल. खालच्या मजल्यावरचा नळ सुटला कीं वरच्या मजल्यावरची धार बारीक होते. नळ बंद असतांना घेतलेलें माप नळ सुटल्यावर उपयोगी पडत नाहीं. नवशिक्यानें रोधांचा विचार केला, पण पाणी भरणाऱ्यांचा केला नाहीं.

योग्य हिशेब खालून वर करावा लागतो. खालच्या रोधांतून कोणाच्याही उपयोगीं न पडतां जो प्रवाह नुसता वाहून जावयाचा, तो प्रथम ठरवावा. तो १० मिलिअँपियर धरला तर १०० व्होल्टांसाठीं १०,००० ओहम लागतात. मधल्या रोधांतून हे १० आणि दुसऱ्या सांध्याचे अडीच मिळून साडेबारा मिलिअँपियर जातात; ५० व्होल्ट उतरविण्यास तेथें ४,००० ओहम पुरेत. वरच्या रोधांत आणखी साडेसातांची भर पडून २० मिलिअँपियर होतात, म्हणून १०० व्होल्टांस ५,००० ओहम. आतां व्हॉल्व्ह काम करीत असतां दाब बरोबर १५० आणि १०० येतात.

मात्र एवढ्यानें निश्चिंत होणें बरें नव्हे. यंत्र सुरू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत कांहीं सेकंद प्रवाह ओढीत नाहींत. त्या वेळीं २५० चा दाब कायम राहिला तरी सांध्यांवर सुमारें १८४ आणि १३२ व्होल्ट चढतात. आणि ओझें नसल्यामुळें मूळचा दाबही वाढलेलाच असतो. खालचा रोध जळून तुटला तर थंड यंत्रांत दोन्ही सांध्यांवर पूर्ण दाब येतो. म्हणून तेथील कंडेन्सर संपूर्ण दाब सोसणारेच असावे.

उष्णतेचा हिशेबही चुकवितां येत नाहीं. वरच्या रोधांत २ वॅट, खालच्यांत १ आणि मधल्यांत सुमारें ०.६ वॅट शक्तीची उष्णता होते. ह्याच्या निदान दुप्पट क्षमतेचे रोध घ्यावे. एकूण ५ वॅटांपैकीं व्हॉल्व्हच्या वांट्यास जेमतेम १.४ वॅट येतात. मग हा वाहून जाणारा प्रवाह कमी कां करूं नये? कारण तोच दाबाला आधार देतो. तो जितका मोठा, तितका व्हॉल्व्हच्या कमीअधिक ओढीचा परिणाम लहान. शिवाय यंत्र बंद केल्यावर कंडेन्सरमधील सांचलेली वीज हेच रोध ओसरवून टाकतात. त्यांतील एखादा तुटला असेल तर ती तशीच दबा धरून राहते आणि आंत हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतूं शकते. यास्तव बंद यंत्रालाही मीटर लावल्याशिवाय हात लावूं नये.

व्हॉल्व्हचे रेडिओ आतां बहुतेक शौकिनांच्या संग्रहांतच उरले आहेत; परंतु हा नियम जुना झाला नाहीं. मंद प्रकाश मोजणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळींत एकाच उच्च दाबाचे अनेक टप्पे आजही अशाच रोधांच्या माळेनें पाडतात, आणि माळेंतून वाहणारा प्रवाह नळीच्या प्रवाहाच्या अनेक पट ठेवतात. जो प्रवाह वायां गेला असें वाटतें, त्याच्याच बळावर बाकीच्यांना आपापला वांटा बिनचूक मिळत असतो.