आपला आवाज, दुसऱ्याचे कान



ट्रान्समीटरवर बोलणाऱ्याला आपला आवाज पलीकडे कसा पोचला हे कळत नाही. ते कळते फक्त ऐकणाऱ्याला. आवाज सजवण्याच्या हौसेचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ट्रकचालकांमुळे सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी, लोकप्रिय झाला. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले २३ चॅनेल अपुरे पडले आणि १९७७ मध्ये ते ४० झाले. एएमवर मर्यादा चार वॅटची. शक्ती वाढवायची सोय नाही, म्हणून लोक माइककडे वळले. आवाज फुगवणारे पॉवर माइक आले, घुमवणारा एको आला, बोलणे संपताच वाजणारा 'रॉजर बीप' आला. करमणुकीसाठी संगीत, शिट्ट्या किंवा ध्वनिपरिणाम सोडायला तिथल्या नियमांत मनाई आहे, तरीही.

एकोबद्दल मला कळकळीने बोलायचे आहे. रेडिओवरच्या बोलण्याला साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढीच वाट मिळते. त्यात जोर स्वरांचा असतो, पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून. 'सात' की 'आठ', हे 'स', 'त' आणि 'ठ' नीट पोचले तरच ठरते. एकोमध्ये आधीच्या स्वराची शेपटी नेमकी पुढच्या व्यंजनावर पडते. जवळच्याला तो आवाज भारदस्त वाटतो. खरखरीतून कान देऊन ऐकणाऱ्या दूरच्या माणसाचा मात्र आकडा चुकतो. माइकचा गेन बेसुमार वाढवला, तर एएमची वाहक लहर मध्येच तुटते आणि शेजारच्या चॅनेलवर चरचराट पसरतो. तिथे कुणी अपघाताची खबर देत असेल, तर?

बीपवर माझा सरसकट राग नाही. अपोलो मोहिमांत ऐकू येणाऱ्या बीपना काम होते: २,५२५ आणि २,४७५ हर्ट्झचे ते सूर दूरच्या भूकेंद्रांवरचे ट्रान्समीटर चालू-बंद करत. सिग्नल क्षीण असेल तेव्हा शेवटचा छोटा सूर 'आता तुम्ही बोला' एवढे सांगतो. पण समोरासमोरच्या गप्पांत प्रत्येक वाक्यामागे तो कशाला?

हॅम मंडळींची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, शिस्त मला इथे मोलाची वाटते. आधी ऐकायचे, मग फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का असे विचारायचे, आणि दोन बोलण्यांमध्ये क्षणभर थांबायचे. त्या फटीतून एखादा कमजोर आवाज 'ब्रेक' म्हणू शकतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४आरबीआय या नावाने बोलत होत्या. अंदमानशी संपर्क दुर्मीळ, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांना हाका मारत होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच केंद्रावरून आपत्तीचे निरोप जाऊ लागले. असा दिवस आधी सांगून येत नाही, म्हणून थांबण्याची सवय रोजचीच हवी.

तेव्हा ज्यांच्याकडे सेट आहे, त्यांनी पुढच्या संपर्कात खरा रिपोर्ट मागावा. शिष्टाचाराचे 'फाइव्ह-नाइन' नको. त्यातला पहिला आकडा सुबोधतेचा आहे, सिग्नलची ताकद त्यानंतर येते. एकदा एको बंद करून आणि एकदा चालू करून तोच निरोप सांगा, आणि पलीकडच्याला तो शब्दशः परत म्हणायला लावा.