पडद्यावरच्या खिडक्यांचे रंग

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



विजेचे बिल, बँकेचे खाते, निवृत्तिवेतनाचे कागद ही सारी कामे आता घरच्या संगणकावर होतात. असे असूनही साठीच्या पुढच्या पुष्कळजणी “मला बाई त्यातले काही दिसत नाही” म्हणून दूर होतात. मग खाते आपल्या नावाचे, पण ते पाहायचे मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी, अशी स्थिती होते. हे टाळण्याचा एक बिनखर्ची उपाय आज मला सांगायचा आहे.

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक चौकटी उघडलेल्या असतात. त्यांना विंडो, म्हणजे खिडकी म्हणतात. आपण टंकलेली अक्षरे त्यांपैकी एकाच खिडकीत जातात. ती कोणती, हे तिच्या माथ्यावरील पट्टीच्या रंगावरून ओळखायचे असते. १९९५ साली आलेल्या ‘विंडोज ९५’मध्ये चालू खिडकीची पट्टी गडद निळी व बाकीच्यांची करडी असे. पुढे आवडनिवड बदलली. जुलै २०१५ मध्ये ‘विंडोज १०’ आले, तेव्हा बहुतेक पट्ट्या पांढऱ्याच होत्या. रंग देण्याची सोय त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात परत आली. पांढऱ्या साडीवर पांढरे भरतकाम शोभून दिसते. परंतु हिशेबाच्या वहीत पांढऱ्यावर पांढरे लिहून कसे चालेल?

वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते, आत प्रकाश कमी पोहोचतो आणि फिकट रंगांतील फरक जाणवेनासा होतो. म्हणून अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजेडात पुरेसे अंतर हवे. पांढऱ्यावर काळे अक्षर असले म्हणजे हे प्रमाण २१ : १ भरते. संकेतस्थळांसाठी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साध्या अक्षरांसाठी ते निदान ४.५ : १ असावे असे सांगितले आहे. करड्यावर फिकट करडे तेथवर पोहोचत नाही. तेव्हा दोष आपल्या बुद्धीचा नव्हे, रंगांच्या निवडीचा आहे.

आता कृती सांगते. ‘विंडोज ११’मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडावे, ‘पर्सनलायझेशन’मध्ये जाऊन ‘कलर्स’ निवडावे. तेथे एखादा गडद रंग पसंत करून, तो टायटल बार व कडांना लावण्याचे बटण चालू करावे. चालू खिडकीची पट्टी रंगीत होते, बाकीच्यांची फिकी राहते. काही प्रोग्रॅम आपली पट्टी स्वतःच रंगवतात; त्यांच्यावर याचा परिणाम होत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘कॉन्ट्रास्ट थीम्स’ पाहावे. ॲक्वाटिक, डेझर्ट, डस्क आणि नाइट स्काय अशा चार तयार रंगसंगती तेथे आहेत. डेझर्टची पार्श्वभूमी उजळ आहे, बाकीच्या तिन्हींची काळोखी. ज्यांना उजेडाने डोळे दिपतात त्यांना काळोखी बरी वाटते; काहींना मात्र उजळ पार्श्वभूमीवरचेच अक्षर स्पष्ट दिसते. दोन्ही वापरून पाहाव्यात. ‘एडिट’ दाबले की अक्षर, पार्श्वभूमी, बटणे, निवडलेला मजकूर यांचे रंग वेगवेगळे ठरवता येतात. मनासारखे झाले नाही, तर ‘नन’ निवडून ‘ॲप्लाय’ करावे. सारे पूर्ववत होते. काही बिघडेल ही भीती नको.

मात्र एक गोष्ट विसरू नये. रंग बदलल्याने पडदा सुधारतो, डोळे सुधारत नाहीत. दृष्टी एकाएकी मंद झाली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जावे.

स्वयंपाकघरातला ओटा आपण आपल्या उंचीला जुळवून घेतो. पडदाही तसाच आपल्या दृष्टीला जुळवून घ्यावा. ज्यांना हे जमते त्यांनी शेजारच्या एकीला शेजारी बसवून, माऊस तिच्याच हाती देऊन शिकवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.