बॅटमॅन, अश्वत्थामा आणि मुळशीचा राहुल्या



सुपरहिरो हा पोराटोरांचा विषय, तो व्याख्यानमालेत कशाला, असं काही जणांना वाटलं असेल. मला वाटतं, मुळशीत तर तो यायलाच हवा. हे सगळे हिरो कुठल्या ना कुठल्या जखमेतून उभे राहतात, आणि या तालुक्याने आपली जखम शंभर वर्षं अंगावर वागवली आहे.

1939 साली अमेरिकेत बॅटमॅन अवतरला. डोळ्यांदेखत आईबाप मारले गेलेला पोरगा मोठा होतो आणि रात्री गुंडांना बदडत फिरतो. आपल्याला यात नवं काय? अश्वत्थाम्याचा बाप कपटाने मारला गेला. त्याने रात्री छावणीत शिरून द्रौपदीची झोपलेली पाच पोरं कापली. दुःख दोघांचंही खरं. पण महाभारत अश्वत्थाम्याला दुःखाची सूट देत नाही. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतं. आपल्या आज्यांनी तर त्याला त्या जखमेसाठी अजून दारोदार तेल मागायला लावलं आहे. बॅटमॅनला मात्र क्वचितच कुणी विचारतं, की बाबा, तू ज्यांची हाडं मोडलीस त्यांच्या घरी पुढे काय झालं?

त्या मानाने 1962 सालचा स्पायडरमॅन मला जास्त पटतो. चोर समोरून पळतो आणि हा पोरगा 'माझं काय जातं' म्हणून त्याला जाऊ देतो. तोच चोर पुढे त्याच्या काकाचा जीव घेतो. इथे दुःखात स्वतःचा वाटा आहे, आणि तो कबूल केल्यावरच हा पोरगा हिरो होतो.

मनाच्या आजाराचं मात्र या गोष्टींनी बरंच नुकसान केलं आहे. बॅटमॅनच्या अनेक शत्रूंना तुरुंगाऐवजी अर्कम नावाच्या मनोरुग्णालयात टाकतात. ते तिथून पळतात आणि पुन्हा माणसं मारतात. म्हणजे वेडा तो खुनी, हे समीकरण पक्कं. आपण पुणेकरही येरवड्याच्या मनोरुग्णालयावरून 'याला येरवड्याला पाठवा' म्हणून खिदळतोच. वास्तविक मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार त्यांनाच जास्त बसतो. 2013 सालच्या 'आयर्न मॅन 3'ने एक बरं केलं. त्यातल्या हिरोला, टोनी स्टार्कला, लढाईनंतर झोप लागत नाही, छाती धडधडते, श्वास कोंडतो, हे उघड दाखवलं. पण शेवटी तो मन मोकळं करतो कुणापुढे? शास्त्रज्ञ मित्रापुढे, आणि तो मित्र ऐकता ऐकता झोपी जातो! आपल्याकडे निदान 2022 पासून 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि पलीकडचा माणूस जागा असतो.

आता माझी मुख्य तक्रार. या गोष्टींत दुःखाचा मान फक्त हिरोला मिळतो. 2016 सालच्या 'सिव्हिल वॉर' सिनेमात एक आई स्टार्कला गाठून आपल्या मेलेल्या मुलाचा फोटो त्याच्या हातात देते. हिरोंच्या लढाईत तो मुलगा गेलेला असतो. त्यानंतर उरलेला सिनेमाभर हिरो आपसात भांडतात, आणि ती बाई पुन्हा दिसत नाही.

मुळशीकर म्हणजे ती बाई. टाटांनी मुळशीत बांधलेल्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि वीज मुंबईला. मुंबई उजळली, गावं बुडाली. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, शेतकरी मावळ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. सेनापती बापट त्यात होते. पुढे त्यांनी हत्यार घेऊन रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. हत्याराचं समर्थन मी करणार नाही, तेव्हाही अनेकांना ते रुचलं नव्हतं. पण त्यांनी तोंड झाकलं नाही. केलं ते आपल्या नावावर घेतलं. पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेला हाच माणूस पारनेरला रोज रस्ते झाडायचा. असला हिरो कॉमिकवाल्यांना सुचणं अवघड आहे.

आणि 2018 सालचा 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा. प्रवीण तरडे इथलेच, त्यांनी आपल्या मातीची गोष्ट सांगितली. जमीन विकली गेली, पैसा उडाला, आणि राहुल्या गुंड झाला. ओम भुतकरने तो राग असा उभा केला आहे की पोरं आजही मोबाइलवर त्याची चाल, त्याची नजर, ते 'खतरनाक' गाणं फिरवतात. शेवट मात्र कुणी फिरवत नाही.

माझं लक्ष मोहन जोशींनी केलेल्या बापाकडे जातं. जमीन त्याची गेली, मान त्याचा गेला, हमाली त्याने केली. जखम पोरापेक्षा मोठी, आणि तरी त्याने कोयता उचलला नाही. हा माणूस रात्री झोपत असेल का, कुणाशी बोलत असेल, हे पुरतं सांगणारा सिनेमा अजून यायचा आहे. पहिल्या रांगेतल्या मुलांपैकी कुणी तो लिहायला घेतला, तर बापाला टोपणनाव देऊ नका. त्याचं आडनाव, गाव आणि गटनंबर घालूनच लिहा.