आखाताचे नामांतर
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



नावासाठी सरकारदरबारी अर्ज करणे म्हणजे काय, हे ज्ञातिसंस्थांना कोणी शिकवावयास नको. १९०१ च्या शिरगणतीत इंग्रज सरकारने जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा खटाटोप केला, तेव्हा आणि पुढेही, ‘आमचे नाव असे नव्हे, असे लिहा’ म्हणून देशभरातून अर्ज गेले. त्या खटपटीस आज कोणी हसले तरी आम्ही हसणार नाही. आपले नाव आपण सांगावे, एवढाच तो आग्रह होता. अमेरिकेतील एका नामांतराकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो, आणि तेथे आम्हांस थांबावे लागते.

दि. २० जानेवारी २०२५ रोजी, अधिकारग्रहणाच्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या आखातास ‘अमेरिकेचे आखात’ म्हणावे, असे आज्ञापत्र काढले. त्याची व्याप्ती पाहण्यासारखी आहे. टेक्सासपासून फ्लॉरिडापर्यंतच्या किनाऱ्यापुढील, मेक्सिको व क्यूबा यांच्या सागरी हद्दीपर्यंतचाच भाग त्यात येतो. पाणी मात्र एकच! मेक्सिको हे नाव मेशिका नामक जनसमूहावरून आले आणि आखाताच्या नकाशांवर ते सोळाव्या शतकापासून आहे. अमेरिकेने आपले स्वातंत्र्य जाहीर केले १७७६ साली. या नामांतराची घोषणा प्रथम कानी येताच मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षा शेनबाउम यांनी १६०७ चा नकाशा पुढे करून, उत्तर अमेरिकेसच ‘मेक्सिकन अमेरिका’ का म्हणू नये, असा टोला हाणला. टोला आम्हांस आवडला.

गूगलच्या नकाशात अमेरिकेत नवे नाव दिसू लागले, मेक्सिकोत जुने, आणि अन्यत्र दोन्ही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने नव्या नावाची नोंद घेऊनही जुनेच वापरण्याचे ठरविले, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या वार्ताहरांना राष्ट्राध्यक्षांच्या कार्यक्रमांतून वगळण्यात आले व तंटा न्यायालयात गेला. नावाचा हट्ट येथे सक्तीच्या उंबरठ्याशी आला, असे आमचे मत आहे.

त्याच आज्ञापत्राने अलास्कातील देनाली शिखरास पुन्हा मॅकिन्ली हे नाव दिले. देनाली हा तेथील मूळ रहिवाशांचा शब्द; तो अधिकृत व्हावा म्हणून अलास्काने १९७५ साली मागणी केली आणि २०१५ साली ती मान्य झाली. आमच्या पूर्वजांच्या अर्जांशी नाते सांगावयाचे, तर ते या मागणीशी सांगता येईल. आखाताच्या हुकमाशी नव्हे; त्याच्या काठी तीन राष्ट्रे आहेत आणि हुकूम एकाचा आहे. आपल्या पश्चिमेच्या समुद्रास आपण अरबी म्हणतो, म्हणून आपल्या कोळी बांधवांचा दर्या कोणी परका मानीत नाही.

परीक्षेत कोणते नाव लिहावे, असे विद्यार्थी विचारतात. मेक्सिकोचे आखात असे लिहावे, आणि अमेरिकेच्या सरकारी कागदांत २०२५ पासून दुसरे नाव आहे, एवढे समासात नोंदवावे.